बाराव्या दिवसाचा नॉर्मल रिपोर्ट

प्रश्न थोडक्यात असा आहे. खानापूर तालुक्यातले सत्तावीस वर्षांचे गृहस्थ, गोव्यात हॉटेलात कामाला. अडतीस दिवसांपूर्वी ओळखीतल्या एका मुलीशी संबंध आला, निरोध वापरला नव्हता. सहाव्या दिवशी लघवीला जळजळ सुरू झाली, चड्डीला पिवळसर डाग पडायला लागले. मेडिकलवाल्याने पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि त्रास थांबला. बाराव्या दिवशी त्यांनी एका लॅबचं ‘फुल बॉडी पॅकेज’ केलं. एचआयव्ही नॉन-रिॲक्टिव्ह म्हणजे निगेटिव्ह, व्हीडीआरएल ही सिफिलिसची रक्ततपासणीही नॉन-रिॲक्टिव्ह, लघवी नॉर्मल. लग्न ठरलेलं आहे, तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त, म्हणजे अजून अडीच महिने. त्यांचं विचारणं असं की आता मी मोकळा ना? आणि परत तपासायचंच असेल तर कुठे जाऊ? खानापूरच्या सरकारी दवाखान्यात चुलत वहिनी नर्स आहे, बेळगावात कानडीची अडचण वाटते, म्हणून कोल्हापूर किंवा पुणे गाठावं असं मनात आहे.

मी बेळगावात बावीस वर्षं त्वचारोग आणि गुप्तरोगाची प्रॅक्टिस करतो. बोर्डावर दोन्ही शब्द आहेत, पण पेशंट येतात ते पहिल्या शब्दाचा आधार घेऊन. मांडीतला नायटा दाखवायचा असतो, केस गळत असतात. दार लोटून घेतलं, खुर्ची थोडी पुढे ओढली की मग, “तसलं काय नाही की ओ डॉक्टर, पण एक विचारायचं होतं.” त्यामुळे तुम्ही पहिल्याच ओळीत सरळ मुद्द्याला आलात याचं मला बरं वाटलं. तारखाही दिल्यात. माझ्या कामात अर्धं निदान तारखांत असतं.

तर, मोकळे का? त्या रिपोर्टवरून तसं म्हणता येत नाही. रिपोर्ट खोटा नाही, लॅबची चूकही नाही. बाराव्या दिवशी घेतलेलं रक्त त्या रात्रीबद्दल काही सांगतच नाही. ते त्याच्या आधीच्या तुमच्या आयुष्याबद्दल सांगतं. जंतू शरीरात शिरल्यापासून तो तपासणीत दिसेपर्यंत मध्ये काही दिवस जातात. आपण त्याला विंडो पिरियड म्हणतो, सरकारी पत्रकांत ‘गवाक्ष काळ’ असा भारदस्त शब्द असतो. प्रत्येक रोगाचा हा काळ वेगळा, आणि एकाच रोगाच्या दोन तपासण्यांचाही वेगळा.

एचआयव्हीचंच घ्या. बोटातून किंवा शिरेतून रक्त घेऊन वीस मिनिटांत उत्तर देणारी रॅपिड टेस्ट फक्त अँटिबॉडी, म्हणजे शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रतिद्रव्यं पाहते. ती संबंधानंतर साधारण २३ ते ९० दिवसांत पॉझिटिव्ह होते. लॅबमधल्या मशीनवरची चौथ्या पिढीची तपासणी अँटिबॉडीबरोबर पी-२४ अँटिजेन हा विषाणूचाच एक अंशही पकडते, म्हणून तिचा काळ १८ ते ४५ दिवस. तुमच्या रिपोर्टवर काय लिहिलंय ते एकदा बघा. ‘अँटिजेन-अँटिबॉडी’ किंवा ‘कॉम्बो’ असा शब्द असेल तर ती चौथ्या पिढीची. पण बाराव्या दिवशी दोन्हींचा उपयोग सारखाच, म्हणजे नाही. निव्वळ विषाणूचं आरएनए, म्हणजे जनुकीय द्रव्य, शोधणारी तपासणीसुद्धा साधारण दहाव्या दिवसाच्या पुढेच भरवशाची व्हायला लागते, आणि ती या कामासाठी सरसकट करतही नाहीत.

सिफिलिसचं, म्हणजे ज्याला जुनी माणसं गरमी म्हणायची त्याचं, गणित आणखी लांबतं. जिथून जंतू शिरला तिथे आधी एक व्रण उठतो. तो संबंधानंतर १० ते ९० दिवसांत कधीही येतो, बहुतेकदा तीन आठवड्यांच्या आसपास. व्हीडीआरएल पॉझिटिव्ह व्हायला व्रण आल्यावरही एक ते चार आठवडे लागू शकतात. या व्रणाची खोड म्हणजे तो दुखत नाही. कडा टणक, बूड स्वच्छ, दुखणं नाही. पुरुषाला निदान दिसतो तरी, बाईला आत असेल तर कळतही नाही. आणि न दुखणाऱ्या जखमेसाठी आपल्याकडे कोण डॉक्टरकडे जातं? तीन ते सहा आठवड्यांत तो आपोआप बुजतो, माणूस म्हणतो, बरं झालं. रोग मात्र आतच असतो.

यात एकदा मी स्वतः फसलोय, ते सांगतो. प्रॅक्टिसचं दुसरं की तिसरं वर्ष होतं. निपाणीकडचा एक ट्रकवाला आला, पुणे-बेंगळूर लाइनवरचा. संबंधाला पंधरा दिवस झाले होते. मी व्हीडीआरएल केली, नॉन-रिॲक्टिव्ह आली, आणि मी त्याला सांगितलं, काही नाही, निर्धास्त राहा. परत ये म्हणालो नाही. चारेक महिन्यांनी तो ‘अंगावर उष्णता उठलीय’ म्हणत आला. तळहात पालथे टेबलावर ठेवले होते, मी म्हणालो उलटे कर. दोन्ही तळव्यांवर तांबूस चट्टे, न खाजणारे. पायांच्या तळव्यांनाही तेच. दुसऱ्या टप्प्यातला सिफिलिस पुस्तकात असतो तसाच. बायको पाच महिन्यांची गरोदर होती, तिचीही तपासणी रिॲक्टिव्ह. दोघांना पेनिसिलिन दिलं, बाळ नीट जन्मलं, त्याचीही तपासणी केली. सगळं निभावलं, पण ‘निर्धास्त राहा’ हे माझे शब्द होते. त्या दिवसापासून मी रिपोर्टच्या कोपऱ्यात पेनाने दोन तारखा लिहून देतो, एक संबंधाची, एक परत येण्याची. नाव नाही, रोग नाही, नुसते आकडे. कुणाच्या हाती लागला तरी दुधाचा हिशोब वाटावा.

आता तुमच्या जळजळीकडे. मला एचआयव्हीपेक्षा या गोष्टीची जास्त चिंता आहे, आणि तुम्ही ती एका ओळीत उरकलीय.

संबंधानंतर सहाव्या दिवशी जळजळ आणि पिवळा स्राव म्हणजे गनोरिया असण्याची शक्यता पुष्कळ. जुन्या भाषेत परमा. तो साधारण २ ते ७ दिवसांत दिसतो. त्याच्याच जोडीला क्लॅमिडिया नावाचा दुसरा जंतू बऱ्याचदा असतो, तो एक ते तीन आठवड्यांनी आणि फार सौम्यपणे दिसतो, किंवा दिसतच नाही. परमा आणि गरमी हे दोन शब्द जुन्या लोकांनी वेगळे ठेवले होते ते बरोबर होतं. आता सगळ्याला मिळून ‘इन्फेक्शन’ म्हणतात आणि सगळ्याला एकच गोळी देतात.

मेडिकलवाल्याने तुम्हाला कोणती गोळी दिली ते तुम्ही लिहिलेलं नाही. पाच दिवसांचा कोर्स म्हणताय, म्हणजे बहुधा जुलाबावर देतात ती ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची जोडगोळी असावी. आमच्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या पेशंटच्या खिशात तिचंच रिकामं पाकीट असतं. गनोरियाचा जंतू आपल्या देशात या गटातल्या औषधांना केव्हाच निर्ढावला आहे. ती गोळी घेऊन त्रास कमी होऊ शकतो, स्राव थांबू शकतो, आणि जंतू मूत्रमार्गात राहू शकतो. गनोरियाची लक्षणं काही जणांत औषधाशिवायही ओसरतात. म्हणून ‘त्रास थांबला’ याचा अर्थ ‘रोग गेला’ असा मी घेत नाही. त्रास नसलेला पण जंतू असलेला नवरा मुलगा मांडवात उभा राहतो, आणि चार महिन्यांनी बायको ओटीपोट दुखतं म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाते. बायकांमध्ये हे दोन्ही जंतू बहुतेक वेळा गप्प असतात. गर्भनलिकांपर्यंत पोचले तर पुढे मूल राहायला अडचण येते, आणि मग सासरी बोलणी तिलाच.

‘लघवी नॉर्मल’ याचं काय? पॅकेजमधली लघवीची तपासणी साखर, प्रथिनं आणि पेशी बघते. ती गनोरिया-क्लॅमिडिया शोधतच नाही. नेहमीच्या यूरिन कल्चरमध्येही हे जंतू वाढत नाहीत. त्यासाठी वेगळी तपासणी असते, नॅट म्हणतात, जंतूचं जनुकीय द्रव्य शोधणारी. बेळगावातल्या खासगी लॅब नमुना घेऊन मोठ्या शहरात पाठवतात, काही दिवसांनी रिपोर्ट येतो. महाग आहे, आधी दर विचारून घ्या.

या नमुन्याच्या बाबतीत एक बारीक गोष्ट आहे, आणि ती लॅबमधल्या मुलांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. नेहमीच्या तपासणीला लघवी देताना सांगतात ना, पहिली थोडी सोडा आणि मधली धरा? इथे बरोबर उलटं. पहिली धारच हवी, वीस-तीस मिलिलिटर, पुढची सोडून द्यायची. जंतू मूत्रमार्गाच्या भिंतीला चिकटलेले असतात, पहिली धार त्यांना धुऊन आणते. आधी धुऊन-पुसून जायचं नाही, आणि निदान तासभर, शक्यतो दोन तास लघवी केलेली नसावी. डबी पूर्ण भरून देणारे पेशंट मी बघतो, बिचारे जास्त दिली म्हणजे जास्त चांगलं समजतात. त्यात नमुना पातळ होतो.

तुमच्या गोळ्या संपून जवळपास चार आठवडे झालेत, हे एका अर्थी बरं. उपचारानंतर मेलेल्या जंतूंचे अवशेष तीन-चार आठवडे नॅटमध्ये दिसू शकतात आणि उगाच पॉझिटिव्ह येतं. आता आलेल्या पॉझिटिव्हचा अर्थ बहुधा खराच असेल.

नॅट परवडत नसेल तर? तपासणीशिवायही उपचार होतात, आणि तो दुय्यम दर्जाचा मार्ग नाही. सरकारी दवाखान्यांतली ‘सुरक्षा क्लिनिक’ लक्षणांवरून उपचार करतात. वर्षानुवर्षं त्यासाठी रंगीत पाकिटं आहेत, स्राव येणाऱ्याला करड्या रंगाचं, व्रण असणाऱ्याला पांढरं, असं. त्यात गनोरिया आणि क्लॅमिडिया दोन्ही धरून औषध असतं, पैसे पडत नाहीत. डॉक्टरांना सहाव्या दिवसाची हकीकत स्पष्ट सांगा. आता स्राव नसला तरी तो होता हे महत्त्वाचं आहे. डोस मी इथे मुद्दाम लिहीत नाही. माझं उत्तर मोबाइलवर मेडिकलच्या काउंटरवर दाखवलं जातं, हे मी पाहिलेलं आहे. शिवाय गनोरियाला हल्ली इंजेक्शन हाच पहिला पर्याय धरतात, ते दुकानात उभ्याने घ्यायचं नसतं.

मग काय-काय करायचं, ते तारखांत सांगतो. आज तुमचा ३८ वा दिवस. याच आठवड्यात एकदा जा. पहिल्या धारेची लघवी किंवा थेट उपचार, रक्तात एचआयव्ही (मिळाली तर चौथ्या पिढीची), व्हीडीआरएल आणि हिपॅटायटिस बीची एचबीएसएजी. ४५ वा दिवस गाठायला आठवडा थांबू नका, कारण दुसरी फेरी चुकणार नाहीच. ती ९० व्या दिवसाच्या पुढे, म्हणजे आजपासून साधारण साडेसात आठवड्यांनी. तेव्हा पुन्हा एचआयव्ही आणि व्हीडीआरएल. या दोन्ही फेऱ्या लग्नाच्या तीन आठवडे आधी पुऱ्या होतात. तुमचं नशीब म्हणा, मुहूर्त सोयीचा निघालाय. मधल्या काळात व्रण, अंगावर चट्टे, जांघेत गाठ, काहीही दिसलं तर तारखेची वाट बघायची नाही.

हिपॅटायटिस बीबद्दल एक वाक्य जास्त लिहितो, कारण ते सगळे विसरतात. ही लस सरकारी लसीकरणात देशभर २०११ च्या सुमाराला आली. तुमच्या वयाच्या, गावात वाढलेल्या मुलाला ती लहानपणी मिळाली असण्याची शक्यता कमी. तपासणी निगेटिव्ह आली तर लस सुरू करा, आज, महिन्याने आणि सहा महिन्यांनी. एवढ्या सगळ्या रोगांत लसीने टाळता येणारे दोनच धड आहेत, हा आणि एचपीव्ही, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण होणारा विषाणू.

काय करू नका तेही सांगतो. ‘एसटीडी पॅनल’ म्हणून पंधरा-वीस तपासण्यांची यादी दाखवतील, ती घेऊ नका. त्यात हर्पिसची आयजीजी ही अँटिबॉडीची तपासणी असते. तोंडावर ताप उठतो तो हर्पिस बहुतेकांना लहानपणीच होऊन गेलेला असतो, त्याची खूण रक्तात जन्मभर राहते. रिपोर्टवर ‘पॉझिटिव्ह’ बघून रात्रभर न झोपलेली, गळ्यात जानवं आणि डोळ्यात पाणी घेऊन आलेली माणसं माझ्यासमोर बसलीत. अंगावर फोड नसताना ही तपासणी करायचीच नसते. आयजीएम तर त्याहून निरुपयोगी. आणि स्टँडच्या आसपास भिंतींवर ‘गुप्तरोग, एका भेटीत खात्री’ असे बोर्ड दिसतात तिकडे फिरकू नका. तिथे धातू जाण्यापासून सगळ्या आजारांना एकच पुडी मिळते, बिल मात्र प्रत्येकाच्या ऐपतीप्रमाणे.

आता कुठे जायचं. हा प्रश्न तुम्ही शेवटी विचारलात, पण माझ्या अनुभवात तपासणी फसते ती इथेच.

आमच्या भागातला रिवाज असा की ही तपासणी सीमेपलीकडे करायची. निपाणीचा माणूस कोल्हापूरला जातो. चंदगडचा बेळगावला येतो. खानापूरचा गोव्यात करतो, आणि कोल्हापूरचे काही लोक माझ्याकडे येतात, मास्क लावून, नाव सांगताना जरा अडखळत. हायवेवर दोन्ही बाजूंनी लाजेची वाहतूक चालू असते. मी कुणाला हसत नाही. गावात वहिनी नर्स असेल तर मीही तिथे गेलो नसतो. पण या तपासणीला दोनदा जावं लागतं, कधी तीनदा. लांबचा माणूस एकदा येतो, पहिला निगेटिव्ह कागद घेतो, आणि दुसऱ्या खेपेला सुट्टी, भाडं, घरी सांगायचं कारण, सगळं नव्याने जुळवायचं म्हणून येत नाही. खानापूरहून कोल्हापूर म्हणजे सव्वाशे किलोमीटरच्या पुढे. तुम्ही एकदा जाल. दोनदा जाल याची मला खात्री नाही. पुण्याचं तर नावच नको.

म्हणून माझं मत बेळगाव. खानापूरहून तासाभराचं अंतर, ‘बाजाराला गेलतो’ एवढं कारण पुरतं, आणि एवढ्या मोठ्या शहरात तुम्हाला कोण ओळखतंय. सिव्हिलला, म्हणजे जिल्हा रुग्णालयात, समुपदेशन आणि तपासणी केंद्र आहे. लोक त्याला आयसीटीसी म्हणतात. एचआयव्हीची तपासणी तिथे मोफत. आधी समुपदेशकाबरोबर बंद खोलीत बोलणं होतं, मग रक्त, मग परत त्याच खोलीत रिपोर्ट. नोंद क्रमांकाने राहते. तिथली टेस्ट रॅपिड असते, म्हणून शेवटचं उत्तर तिच्यावरून घ्यायचं तर ९० दिवस धरा. पहिली टेस्ट रिॲक्टिव्ह आली तर घाबरून पळून जाऊ नका. एका टेस्टवर कुणालाही एचआयव्ही आहे असं सांगत नाहीत, वेगवेगळ्या तत्त्वांवरच्या तीन टेस्ट करून मगच निदान देतात. व्हीडीआरएलचंही तसंच. हलकी पॉझिटिव्ह दुसऱ्या एखाद्या तापाने किंवा आजारानेही येते, म्हणून जोडीला टीपीएचए ही सिफिलिसची खात्री करणारी तपासणी करतात.

कानडीची भीती मनातून काढा. सिव्हिलच्या रांगेत उभे राहिलात तर पुढचा-मागचा कुणी ना कुणी मराठीतच बोलताना ऐकू येईल. बोर्ड आणि फॉर्म कानडीत असतील, बोलणं मराठीत चालतं. फक्त संमतीच्या कागदावर सही करायच्या आधी तो मराठीत सांगायला लावा. हा उपकार मागत नाही आहात, तो तुमचा हक्क आहे. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा, २०१७ चा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्याप्रमाणे समजून दिलेल्या संमतीशिवाय ही तपासणी करता येत नाही, आणि रिपोर्ट तुमच्या परवानगीशिवाय घरच्यांना, मालकाला, कुणाला सांगता येत नाही. नोकरीवरूनही काढता येत नाही. कायद्यात एक अपवाद आहे, तोही प्रामाणिकपणे सांगतो. एचआयव्ही निघाला, जोडीदाराला धोका आहे, आणि समजावूनही माणूस सांगायला तयार नाही, तर डॉक्टर किंवा समुपदेशक त्याला तशी कल्पना देऊन जोडीदाराला सांगू शकतात. हा अपवाद बायकोच्या बाजूचा आहे आणि मला तो योग्य वाटतो. जायच्या आधी नुसतं कुणाशी बोलायचं असेल तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे, प्रादेशिक भाषांतही बोलतात.

बेळगाव जिल्हा एकेकाळी एचआयव्हीच्या यादीत वरच्या गटात असायचा, त्यामुळे तपासणीची सोय इथे बऱ्याच ठिकाणांपेक्षा जुनी आणि सरावाची आहे. लोक अजून बोट दाखवतात ते सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेल्या बायकांकडे. सोडण्याच्या प्रथेवर कर्नाटकात १९८२ च्या कायद्याने बंदी आली, ते असो. पण माझा अनुभव विचाराल तर देहविक्रीच्या धंद्यातल्या बायका वर्षातून दोनदा ठरल्या वेळी रक्त देऊन जातात, रिपोर्ट नीट सांभाळतात. येत नाहीत ते त्यांच्याकडे जाणारे पुरुष. घरच्या बायकोचा गरोदरपणात नाव नोंदवताना रक्तातून रोग निघतो, तेव्हा नवऱ्याला पहिल्यांदा माझ्या खुर्चीत बसावं लागतं.

काही गोष्टी तुम्ही लिहिल्या नाहीत, आणि त्यांच्यावर उत्तर बदलतं. संबंध कसा होता? तोंडाने किंवा मागून असेल तर गनोरिया-क्लॅमिडिया घशात किंवा गुदद्वारात असू शकतो, लघवीत सापडत नाही, तिथला स्वॅब घ्यावा लागतो. पुरुषाशी संबंध आला असेल तरी सांगा. ऐकून आम्ही दचकत नाही, आणि न सांगितल्याने चुकीच्या जागेचा नमुना घेतला जातो. त्यानंतर आणखी कुणाशी संबंध आला का? आला असेल तर दिवस तिथून नव्याने मोजायचे. होणाऱ्या बायकोशी आला का? आला असेल तर तिचीही तपासणी आणि उपचार तुमच्याबरोबरच, नंतर नाही. पेनिसिलिनची ॲलर्जी आहे का, हेही आठवून ठेवा.

गोव्यातल्या त्या मुलीला फोन करा. हे वाक्य बहुतेकांना आवडत नाही. “तिच्यामुळे तर झालं, तिला कशाला?” असं मला रोज ऐकायला मिळतं. तिला लक्षणं नसतील, तिला माहीतही नसेल. शिवाय तिच्याकडून तुम्हाला की तुमच्याकडून तिला, हे तुम्ही दोघंही शपथेवर सांगू शकत नाही. एवढंच बोला, “मला डॉक्टरांनी इन्फेक्शन सांगितलंय, तूपण दाखवून घे.” भांडण नको, खुलासा नको.

होणाऱ्या बायकोला सांगायचं का, हेही तुमच्या मनात असणार. रिपोर्टमध्ये काही निघालं आणि ते बरं होणारं असलं, तर उपचार पूर्ण करून, सांगितलेले दिवस संबंध टाळून, मग लग्न. काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, मी त्यात पडत नाही. एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस बी निघाला तर मात्र लग्नाआधी सांगावंच लागेल, तिथे पर्याय नाही. त्यातही घाबरून जायचं कारण नाही. औषधावर असलेल्या, रक्तात विषाणू सापडेनासा झालेल्या माणसाकडून जोडीदाराला संबंधातून एचआयव्ही जात नाही, आणि हिपॅटायटिसला तिच्यासाठी लस आहे. काहीच निघालं नाही तर दोघांनी मिळून लग्नाआधी रक्तगट, थॅलेसेमिया आणि हे सगळं एकत्र तपासून घ्या असं मी सुचवेन. ‘डॉक्टरांनी सांगितलंय’ म्हटलं की दोन्ही घरं ऐकतात.

वाचणाऱ्या इतरांसाठी एक गोष्ट, तुमच्या उपयोगाची आता नाही. संबंध कालचा किंवा परवाचा असेल तर तपासणीच्या तारखा मोजत बसू नका. ७२ तासांच्या आत, जितकं लवकर तितकं चांगलं, एचआयव्ही प्रतिबंधाच्या गोळ्या सुरू करता येतात, २८ दिवस घ्यायच्या असतात. रविवार असेल तर अपघात विभागात जायचं. त्या मुद्द्यावर लाजण्यात गेलेला प्रत्येक तास महाग पडतो.

तुम्ही सुट्टी कोणत्या वारी घेताय ते बघा, सकाळी लवकर निघा म्हणजे रांग लहान असते. जुना रिपोर्ट आणि मेडिकलवाल्याच्या गोळ्यांचं पाकीट, फेकलं नसेल तर, बरोबर घ्या. आणि खानापूरहून बस बेळगावच्या स्टँडवर लागली की सवयीने आधी लघवीला जाऊ नका. तशीच धरून या.